पांढरे पडलेले खांब

आम्ही नांदेडहून लातूरला आलो तेव्हा भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती, तरी लोक भाड्याची खोली बघताना आधी मान वर करून छताकडं बघायचे. आमच्या घरमालकानं खोली दाखवताना पहिलं वाक्य हेच म्हटलं होतं, "वर पत्रा हाय बगा. पडला तरी जीव जायचा न्हाई." उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली बसवत नसे, तरी शेजारच्या बाया आम्हाला नशीबवान म्हणायच्या.

माझा नवरा लाकडाला पॉलिश करायचा. नांदेडात एका उस्तादांच्या हाताखाली त्यांनी हे काम शिकून घेतलं होतं. लातुरात काम लई आहे असं कानावर आलं आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. काम खरंच होतं. गल्लोगल्ली क्लास निघत होते. उदगीर, अहमदपूर, कुठकुठून पोरं-पोरी ट्रंका आणि गाद्या घेऊन उतरत होती, आणि ज्याचं म्हणून शहरात घर होतं तो वर खोल्या चढवत होता. प्रत्येक खोलीला पलंग, टेबल, फळ्या. सगळं सामान खोलीत बसवून झालं की मग पॉलिशवाल्याला बोलावणं यायचं. ओल्या वार्निशवर धूळ बसू नये म्हणून दारं-खिडक्या लावून काम करायचं. दिवसभर थिनरच्या वासात कोंडून घेतलेला माणूस संध्याकाळी घरी यायचा तो लाल डोळे घेऊन. जेवताना दोन घासांच्या मध्ये खोकला. मी म्हणायची, दवाखान्यात दाखवा. ते म्हणायचे, "धुरळा गेलाय घशात. गूळ दे थोडा."

लहानसहान काम ते घरी आणायचे. मग मी अंगणात बसून पलंगाचे पाय पॉलिश पेपरनं घासून द्यायची, चिंध्या पिळून द्यायची. माझं या कामातलं ज्ञान एवढंच.

त्या वर्षी उन्हाळ्यात औशाच्या रस्त्याला एका नव्या घराचं काम त्यांना मिळालं. घरची माणसं औशाच्या पलीकडच्या एका गावची. भूकंपात गाव बसलं होतं. सरकारनं नव्या जागी घर दिलं, पण मुलगा अकरावीला आला तशी त्याच्या क्लाससाठी म्हणून ती लातूरला आली आणि इथंच त्यांनी घर बांधायला काढलं. वर पोरांना भाड्यानं द्यायच्या खोल्या, खाली स्वतःचा संसार, आणि पुढं ऐसपैस पोर्च. त्या पोर्चला लाकडाचे चार खांब होते. नव्या सिमेंटच्या घराला लाकडाचे खांब मी लातुरात दुसरीकडं कुठं पाहिले नव्हते.

ते खांब त्यांच्या पडलेल्या घरातले होते. सागवानी, गुळगुळीत, ढिगाऱ्यातून काढून वर्षानुवर्षं शेतातल्या गोठ्यात ठेवलेले. घरच्या बाईंनी हट्टच धरला होता, नव्या घराला हेच खांब लागतील. बांधकामाचा गुत्तेदार कुरकुरला. स्लॅबचा भार त्यानं सिमेंटच्या बीमवर घेतला आणि खांब नुसते शोभेला उभे केले. सुतारानं ते रंधून दिले, खिळ्यांची भोकं बुजवली. पॉलिशचं काम माझ्या नवऱ्याकडं आलं.

पहिल्या दिवशी ते घरी आले तेच हसत. "काय लाकूड हाय गं! पेपर मारला की नुसता वास सुटतो." मलाही बरं वाटलं. काम बाहेरचं होतं, मोकळ्या हवेतलं. मला वाटलं, चार दिवस तरी छातीला आराम.

आराम मिळाला नाही. काम संपवून ते आले त्या संध्याकाळी ऑटोवाल्यानं त्यांना धरून उतरवलं. ओठ निळे पडले होते. बोलायला तोंड उघडायचे आणि आवाजाच्या जागी शिट्टीसारखी हवा यायची. त्याच ऑटोतून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाकडं धरून बघितला आणि मला बाजूला घेतलं. "फुप्फुसं खराब झालीत. थिनर, वार्निश, लाकडाचा भुसा, सगळं बंद. कायमचं."

"मग करायचं काय त्यांनी?" मी विचारलं. दुसरं काही येत नव्हतं त्यांना.

नांदेडहून माझी नणंद आली. आम्ही आळीपाळीनं खाटेपाशी बसायचो. अशात एके दिवशी सकाळी गुत्तेदार वॉर्डात हजर झाला. आजाऱ्याकडं त्यानं नीट बघितलंही नाही.

"तुमच्या मालकानं काय लावलंय त्या खांबाला? कोड फुटल्यावानी पांढरे पडलेत. वास्तुशांत चार दिसांवर आली. चला, बगा येऊन."

मी गेले. पोर्च वास्तुशांतीसाठी पाइप लावून धुतला होता. जिथं जिथं पाणी उडालं होतं, तिथं खांब कमरेपर्यंत पांढरेफटक झाले होते. दुधाचा हात फिरवल्यासारखे, डागाडागांचे. घरच्या बाई एका खांबापाशी उकिडव्या बसून नारळाच्या काथ्यानं तो घासत होत्या. पन्नाशीच्या असतील. घामानं पोलकं भिजलेलं, पदर पडलेला, तिकडं लक्ष नाही.

"तू पॉलिशवाल्याची?"

"हाव."

"काढ हे. आत्ताच्या आत्ता काढ."

"मावशी, असं घासून न्हाई निघायचं ते. अजून चरे पडतील."

"काढ म्हणलं न्हवं तुला!" त्यांनी काथ्या फेकला. मग आवाज एकदम खाली आला. "त्या दिवशी असाच दिसत होता ह्यो. धुरळ्यानं पांढरा. असाच."

एवढ्यात त्यांचे मालक बाहेर आले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण बायकोशी बोलताना जपून बोलत होते. "गुत्तेदार म्हणायलाय, मशीन लावून कापून काढू. माणूस सांगून ठेवलाय त्यानं. पाव्हणे यायच्या आत मोकळं होऊन जाईल. पुढं सिमेंटचे करू, त्यावर पाहिजे तसली टाइल लाव."

बाई उठल्या आणि खांबाला दोन्ही हातांनी मिठी घातली. नव्या घरात, पाइपचं पाणी अजून वाहतंय, कामावरची माणसं बघतायत, आणि ही बाई खांब धरून उभी. मालकांनी तोंड फिरवलं.

"मी करून देते," मी म्हटलं. कसं, ते मला ठाऊक नव्हतं. मी आयुष्यात एकही उभा खांब रंगवला नव्हता. "मला वास्तुशांतीपर्यंत द्या. न्हाई झालं तर मग कापा."

मी दवाखान्यात आले तेव्हा नवरा उशाला टेकून बसला होता. मी विचारलं, "काय लावलं होतं खांबाला?"

त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. तसेच म्हणाले, "चपडी."

चपडी म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. ती घरातल्या सामानाला लावायची. पाणी लागलं की ती पांढरी पडते, एवढं तर पलंगाचे पाय घासणाऱ्या मलाही माहीत होतं.

"बाहेरच्या खांबाला चपडी?"

"वार्निशचा डबा उघडला की छाती आवळून यायची. दोनदा बगितलं करून. जीव जातो का काय असं व्हायलं. चपडीचा वास सोसतो." ते थांबून थांबून बोलत होते. "मनलं पावसाळ्याच्या आत बरं व्हावं आन् गुपचूप काढून परत करावं. कुणाला कळलं नसतं."

मला राग आला, आणि तो राग काढायला जागा नव्हती. समोर हाडं मोजता येतील असा माणूस रडत होता. त्यांना मी त्याआधी कधी रडताना बघितलं नव्हतं. माझ्या मनात एकच आलं, हा माणूस आता कामाला उभा राहणार नाही आणि ते त्यालाही कळलंय.

"सांगा मला," मी म्हटलं. "काय काय करायचं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. दम लागेल तिथं थांबून, पुन्हा सांगून. आधी स्पिरिटच्या चिंधीनं चपडी सगळी उतरवायची, खाचेतली पण. मग पॉलिश पेपर, लाकडाच्या रेघेनं, आडवा नाही. मग स्टेन, म्हणजे लाकडाचा रंग, तो उन्हात लावायचा नाही, सावली फिरेल तसा खांब धरायचा. वरून खाली, मध्ये हात थांबवायचा नाही, थांबला तिथं पट्टा दिसतो. मग जवसाचं तेल, कोमट करून. ते जिरलं की वार्निशचे पातळ हात. "पातळ," ते पुन्हा म्हणाले. "घाई केली की ओघळ येतो."

दुपारी गंजगोलाईच्या बाजारातून स्पिरिट, पेपर, सगळं आणलं आणि कामाला लागले. तोंडाला ओलं फडकं बांधलं होतं, तरी पहिल्या अर्ध्या तासात डोकं गरगरलं. विरघळलेली चपडी चिकट चिखलासारखी हाताला लागायची आणि बोटांच्या चिरांत आग व्हायची. थोड्या वेळानं बाई आल्या, माझ्या शेजारी बसल्या आणि एक चिंधी उचलली.

"मावशी, हात जळतेल तुमचे."

"जळू दे."

मालकांनी आतून हाक मारली, त्या उठल्या नाहीत. घरात बुंदीच्या कढया उतरत होत्या, मांडववाले बांबू टाकत होते, आणि घरची बाई माझ्याबरोबर खांब पुसत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नसू.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या बोलल्या. मी पेपर मारत होते, त्या माझ्यामागून भुसा झटकत होत्या. मी काही विचारलं नव्हतं.

"ह्या खांबानं मला वाचवलं," त्या म्हणाल्या. "मातीचं माळवद बसलं तवा ह्यो आडवा आला माझ्यावर आन् भिताडाला टेकून ऱ्हायला. त्याच्याखाली मी. अंगावर नुसती माती, दगड वरच्यावर अडकलेले. पोरगं बापासंगं अंगणात झोपलं होतं, ते वाचलं. पोरगी माझ्याजवळ होती. खांब आला तवा ती त्याच्या पल्याड गेली."

मी पेपर थांबवला.

"नऊ वर्षांची होती. आवाज येत नव्हता तिचा, तोंडात माती गेली असंल. पन खांबावर टकटक करायची. मी इकडून करायची, ती तिकडून. मी मनायची, करत ऱ्हा गं, बाबा येतेल. लई वेळ करत होती." त्यांनी हातातला कुंचा खाली ठेवला. "मग मी केलं तर तिकडून काय आलं न्हाई."

रस्त्यावरून क्लास सुटलेल्या पोरी घोळक्यानं जात होत्या, पाठीवर दप्तरं, मोठ्यानं हसत. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"हे मनतेत दुःखाचं लाकूड घरात कामून आणायचं. पोरगी गेल्यापसून ह्यांनी तिचं नाव काढलं न्हाई. फोटो न्हाई तिचा, फ्रॉक न्हाई, काय निघालं न्हाई. हे तेवढं हाय. हे बी कापतेत."

मी पुन्हा पेपर हातात घेतला. माझा स्वतःचा माणूस तिकडं नळी लावून पडला होता. आम्ही दोघी घासत राहिलो. एवढंच करता येत होतं.

तिसऱ्या दिवशी मी स्टेन लावला आणि सगळं बिघडलं. तीन खांब बरे आले. बाईंच्या अंगावर पडलेला तो चौथा मात्र एका बाजूनं नीट आला आणि दुसऱ्या बाजूला त्यावर काळपट धब्बे उठले, कुठं हातभर, कुठं वीतभर. मातीत दाबून पडलेली बाजू स्टेन अधाशासारखी पीत होती. मी पुसून काढला, पुन्हा पेपर मारला, पुन्हा लावला. धब्बे होते तिथंच. गुत्तेदार येऊन बघून गेला. "बाई, उगं जीव काढून घ्यायलाव. उद्या सकाळी मशीन आणतो मी," म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला पण काम आटपायचं होतं.

मी पायरीवर बसून रडले. तशीच उठून स्टेनच्या हातांनी दवाखान्यात गेले.

त्या दिवशी त्यांची तब्येत उतरली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलायला डॉक्टरांनी मनाई केलेली. नणंद म्हणाली, "वैनी, आज नको गं." पण त्यांनी माझे हात बघितले आणि काय झालं म्हणून भुवया उंचावल्या. मी सांगितलं, एका बाजूला धब्बे येतायत, जातच नाहीत. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. मग त्यांनी माझा हात ओढून घेतला. माझी बोटं कुठं फिकट, कुठं गडद रंगली होती. त्यांनी त्यातलं सगळ्यांत काळं बोट शोधून दाबलं, आणि मग बाकीच्या बोटांवरून आपलं बोट फिरवलं. पुन्हा काळं बोट दाबलं, पुन्हा बाकीची.

मला समजलं. धब्बा काढायचा नाही. बाकीचं सगळं त्याच्याएवढं गडद करायचं.

परत गेले, डब्यात गडद रंग मिसळला आणि चारही खांब पुन्हा धरले. ऊन उतरणीला लागलं होतं. बाई स्टुलावर उभ्या राहून वरचा भाग करत होत्या, मी खालचा, आणि मध्ये जिथं आमचे हात मिळायचे तिथं मी चिंधी घाईघाईनं खाली ओढून घ्यायची. खांब जवळजवळ काळे झाले, बिब्ब्यासारखे. धब्बे त्यात दिसेनासे झाले. बाई मागं सरकून बघत राहिल्या. मालकही बघायला आले. त्यांनी खिशातून हात काढून एका खांबाकडं नेला, मी ओरडले, "ओलं हाय!" तसा हात मागं घेतला. "मशीनवाल्याला येऊ नको म्हणून सांगतो," एवढं बोलून ते आत गेले.

तेल जिरायला हवा तेवढा वेळ मिळाला नाही. वार्निशचा शेवटचा हात वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी मारला आणि तो सकाळपर्यंत पुरता वाळला नाही. मांडववाल्यानं बांधलेल्या आंब्याच्या पानांच्या माळेतली दोन पानं खांबाला चिकटून बसली. पाहुण्यांतल्या एका बाईच्या नव्या साडीचा काठ खराब झाला आणि तिनं बरंच ऐकवलं. मी कोपऱ्यात उभी होते. बाई पूजेला बसल्या होत्या, जरीचं लुगडं, नाकात नथ, आणि बोटं माझ्यासारखीच काळी. भटजींनी दोनदा त्या बोटांकडं बघितलं. पूजा झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "जेवून जा." मी म्हटलं, दवाखान्यात जायचंय. त्यांनी स्वतः डबा भरून दिला.

पुढं काही दिवसांनी नवऱ्याला घरी सोडलं. येताना त्यांनी ऑटो त्या रस्त्यानं घ्यायला लावली. गेटपाशी उतरले, माझ्या खांद्याचा आधार घेत चारही खांबांपाशी गेले. तळहात फिरवला. एका खांबाच्या मागच्या बाजूला खाली वाकायला त्यांना बराच वेळ लागला.

"हितं ओघळ ऱ्हायलाय," ते म्हणाले.

"हाव. दिसला न्हाई मला."

"चांगलं केलंस." मग ऑटोत बसल्यावर, रस्त्याकडं बघत, "ब्रश तुझ्याकडंच ठिव आता."

त्यांच्या जागी मी हॉस्टेलांची कामं घ्यायला लागले. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग सवय झाली. जूनमध्ये नवी पोरं यायच्या आत पलंग तयार लागायचे, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसे. माझ्या अंगाचा, केसांचा वास घरी नवऱ्याला सोसत नसे. मी बाहेरच न्हाणीत अंघोळ करून, कपडे बदलून आत जायची, तरी त्यांना ढास लागायची. पुढं पुढं मी त्यांच्या खाटेपासून लांब, दारातच बसून जेवायला लागले. तिथून बोलायचो आम्ही. दोन वर्षं असं चाललं. एका जूनमध्येच ते गेले. मी एका हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर होते, शेजारची बाई धावत बोलवायला आली.

आता माझ्याबरोबर दोघीजणी कामाला येतात. मी त्यांना खिडक्या उघडायला लावते. हॉस्टेलचे मालक धूळ बसते म्हणून ओरडतात, तर ओरडू देत. तोंडाला मास्क लावा म्हणून सांगते. उन्हाळ्यात त्यांना तो नको होतो, माझी पाठ फिरली की त्या काढून ठेवतात. गेल्या महिन्यात त्यातली एक खोकायला लागलीय. मी तिला दवाखान्यात दाखव म्हटलं, तर म्हणाली, "काय न्हाई ओ काकू, भुसा गेलाय घशात." मी तिला त्याच दिवशी धरून नेलं. फोटो काढलाय, डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय.